आयत्या वेळच्या विषयातलं विमान

मामी पोळ्या करायला लागली की आमचं विमान खाली उतरायचं, कारण थ्रॉटल तिचं होतं.

थ्रॉटल म्हणजे इंजिनाला कमी-जास्त ताकद देण्याचा दांडा. शिकाऊ विमानात तो समोरच्या फळीतून आत-बाहेर सरकवायचा असतो. आमच्याकडे फळीच्या जागी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा होता. त्यावर कॉकपिटमधल्या तबकड्यांचं रंगीत चित्र चिकटवलेलं होतं आणि पुठ्ठ्याला पाडलेल्या भोकात मामीचं लाटणं होतं. पायाशी दोन रबरी चपला, ती पेडल. हातात कुकरचं जुनं झाकण, ते स्टिअरिंग. बाल्कनीत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. डावीकडची कॅप्टनची, उजवीकडची त्याच्या जोडीदाराची. यात हसण्यासारखं काही नाही. खरोखरीचे शिकाऊ वैमानिकसुद्धा असेच खुर्चीवर बसून सराव करतात. कोणतं बटण कधी, कोणतं वाक्य कुठे, हे हाताला आणि तोंडाला पाठ व्हावं लागतं. आमचा फरक एवढाच, की आमच्या विमानाची गरज दिवसातून दोनदा स्वयंपाकघरात पडायची.

"थ्रॉटल दे गं," मामी आतून ओरडायची, "कणीक मळून झाली."

"मामी, थांब ना, आत्ताच टेकऑफ घेतलाय."

"मग उतर. जेवायला काय हवा खाणार आहात?"

मी मूळची त्या घरातली नाही. आमच्या तालुक्याच्या गावी वडिलांची पिठाची गिरणी आहे. शाळा मराठी, कॉलेजही गावातलंच, आणि घरात पदवी मिळवणारी मी पहिली. बीएस्सी झाल्यावर पायलटच्या लेखी परीक्षा द्यायच्या ठरवल्या, तेव्हा शहरात शांती नगरला राहणाऱ्या मामांनी वडिलांना एकच वाक्य सांगितलं, "पोरगी माझ्याकडे पाठवा, पुढचं मी बघतो." त्या एका वाक्यावर मी त्यांच्या वन बीएचकेमध्ये आले आणि हॉलमधल्या दिवाणावर हक्काने झोपू लागले. हे उपकार लहान नाहीत. मी ते कधी विसरले नाही, आणि पुढे जो घोळ झाला त्याचं मूळही तेच होतं.

मामांचा मुलगाही पायलट होणार होता. तो माझ्यापेक्षा काही महिन्यांनीच मोठा, पण मामीच्या आग्रहाखातर मी त्याला दादा म्हणते. हवामान, दिशादर्शन, हवाई नियम, सगळे पेपर आम्ही एकाच टेबलावर अभ्यासले आणि एकत्रच पास झालो. खरं सांगायचं तर दादा माझ्याहून हुशार आहे. मी पाठ करते, त्याला समजतं. लेखी परीक्षेनंतर मात्र आमच्या दोघांपुढे एकच भिंत होती. प्रत्यक्ष विमान उडवायला शिकण्याचा खर्च एवढा, की मामांनी फ्लॅट विकला असता तरी एकाचंच निम्मं शिक्षण झालं असतं, आणि तेही रस्त्यावर राहून.

अशात एका विमान कंपनीने आणि एका फ्लाइंग स्कूलने मिळून शिष्यवृत्ती जाहीर केली. सगळा खर्च त्यांचा, शिवाय पुढे नोकरीत प्राधान्य. ती बातमी आधी दादालाच दिसली. तो खुर्चीतून उठला, दोन्ही हात वर केले, आणि मग खालची ओळ वाचून हळूच बसला. फक्त महिला उमेदवारांसाठी, असं लिहिलं होतं. त्याने ती बातमी माझ्या मोबाईलवर पाठवली. मी त्याच्या शेजारीच बसले होते.

"घे बाई," तो म्हणाला, "तुझ्यासाठी पायघड्या घातल्यात. चाल."

मी अर्ज केला. पहिली चाळणी पार झाली. शेवटच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. पेढे आणायचे की नाही हे कुणालाच कळेना. मामी अर्धी वाटी साखर घेऊन आली, माझ्या तोंडात चिमूटभर टाकली, आणि उरलेली परत डब्यात ओतली.

आता मामांबद्दल सांगायला हवं. मामा दहावीपर्यंत शिकलेले, आणि सगळी नोकरी एका कंपनीच्या स्टोअरमध्ये केलेली. वस्तू वाटून देणं हाच त्यांचा आयुष्यभराचा धंदा. मी या घरात आले त्या दिवसापासून त्यांनी दादात आणि माझ्यात तसूभर फरक केला नाही. आंबा कापला तर कोय कोणाला मिळाली हे त्यांच्या लक्षात असायचं, पुढच्या वेळी ती दुसऱ्याला. दादाला बूट घेतले तर मला बूट, मला गरज असो वा नसो. अशा माणसाच्या घरात एकच मोठी वस्तू आली होती आणि ती दोघांत कापता येत नव्हती.

दोन दिवस गेले. मग मीच म्हणाले, "मामा, तुम्ही म्हणाल तर मी नाव मागे घेते."

"आणि?" मामी म्हणाली. "हिने मागे घेतलं म्हणून ह्याला देणारेत का ते?"

"नाही देणार."

"मग?"

"प्रश्न देण्याघेण्याचा नाहीये," मामा म्हणाले. "न्यायाचा आहे. एकाला मुलगी म्हणून मिळणार आणि एकाला मुलगा म्हणून नाही मिळणार. दोघांना सारखं नाही मिळालं, तर दोघांना सारखं न मिळालेलं बरं."

"अहो, म्हणजे एक पान उपाशी राहिलं म्हणून दुसऱ्याच्याही पुढचं उचलायचं?"

 ज्या प्रश्नाचं उत्तर घरात नसेल तो सोसायटीत न्यायचा, अशी मामांची सवय. पार्किंगचं, गळतीचं, खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याचं, सगळं त्यांनी तिथेच सोडवलं होतं. म्हणजे सुटलं नव्हतं, पण नेलं होतं.

सोसायटीच्या सभेत सगळ्यात शेवटी एक विषय असतो: अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय. तोपर्यंत लोक चपला शोधायला लागलेले असतात. त्या रविवारी सभेत टाकीची दुरुस्ती पुढे ढकलली गेली, रंगकाम पुढे ढकललं गेलं, आणि मग मामा उभे राहिले. त्यांनी सगळं प्रकरण मांडलं, आणि चपला शोधणारे लोक पुन्हा खाली बसले.

सेक्रेटरी काका गुजराती. इमारतीतल्या सगळ्यांशी ते तीन भाषांच्या मिश्रणात बोलतात. ते म्हणाले, "जुओ भाई, लेडीज फर्स्ट तो दुनिया का नियम छे. ह्यात काय चर्चा करायची?"

"कशाला फर्स्ट?" मागून कोणीतरी म्हणालं. "बसमध्ये पण यांना राखीव, आता विमानात पण? विमान काय बाई-पुरुष बघून उडतं?"

"तुमच्या घरी कपडे कोण धुतं ते बघून उडत असेल," त्याची बायको म्हणाली, आणि सभेत हशा पिकला.

बराच वेळ असं चाललं. कोणी म्हणालं, मुलींना एवढी वर्षं मागे ठेवलं, मग आता थोडं पुढे ढकललं तर काय बिघडलं. कोणी म्हणालं, मागे ठेवलं ते आमच्या आज्यांना, आणि भरपाई हा पोरगा का देतोय? दोन्ही बोलणी मला पटत होती. मी खाली मान घालून बसले होते. दादा माझ्या शेजारी होता आणि बोटाने चटईची काडी उसवत होता.

शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी हात वर केला. ते एसटीत ड्रायव्हर होते आणि वाहनासंबंधी कुठलाही विषय आपलाच आहे अशी त्यांची धारणा आहे.

"चर्चा कशाला करताय? दोघांनाही गाडी चालवायला द्या. ज्याची चांगली, त्याचं बरोबर."

"आजोबा, विमान कुठून आणणार?"

"रोज बाल्कनीत उडतंय की. मी खालून ऐकतो."

मला वाटलं, लोक हसतील आणि उठतील. पण आमच्या सोसायटीत कुठलाही ठराव अडत नाही, फक्त कामं अडतात. सूचक आजोबा, अनुमोदक सेक्रेटरी काका. पुढच्या रविवारी सकाळी गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडखाली दोघांनी आळीपाळीने विमान चालवून दाखवावं, सभासदांनी प्रवासी म्हणून बसावं आणि हात वर करून निकाल द्यावा. दादाचं उड्डाण सरस ठरलं तर मी मुलाखतीला जायचं नाही. माझं ठरलं तर जायचं.

"तुला मान्य आहे?" मामांनी मला सगळ्यांसमोर विचारलं.

"तुम्ही म्हणाल तसं," मी म्हणाले. मामांच्या घरात मी हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं होतं, की ते म्हणायला विचार लागत नसे.

पुढच्या रविवारी गच्चीवर गणपतीच्या मांडवातल्या खुर्च्या रांगांनी मांडल्या गेल्या. पुठ्ठ्याचं कॉकपिट आम्ही खांद्यावरून वर नेलं. मामीने लाटणं एका अटीवर दिलं, "बारापर्यंत परत पाहिजे." एका कोपऱ्यात गॅसची छोटी शेगडी मांडून तिने चहा आणि पोहे करायला घेतले, कारण तिच्या मते इतके लोक जमले आणि चहा दिला नाही तर विमान कितीही चांगलं उडालं तरी नाव आपलंच खराब होणार.

पहिला वाद कुठे जायचं यावर झाला. सेक्रेटरी काकांना भावनगरला जायचं होतं. आजोबांना कोल्हापूर. दादाने समजावून सांगितलं की हे चार आसनांचं शिकाऊ विमान आहे, इतके लोक मुळात मावणारच नाहीत.

"चौघं बसतील," आजोबा म्हणाले, "बाकीचे उभे राहतील. नाशिकपर्यंत काही होत नाही."

शेवटी नाशिक ठरलं. सेक्रेटरी काका पाण्याच्या टाकीवर चढून कंट्रोल टॉवर झाले. विसर्जनाच्या मिरवणुकीतला भोंगा त्यांच्या हातात होता. आजोबा परीक्षक. वाटेत कुठलं संकट आणायचं याच्या चिठ्ठ्या त्यांनी दादाकडूनच लिहून घेतल्या आणि शर्टच्या खिशात ठेवल्या. सगळे बसले, तेवढ्यात जिन्यातून उत्तनच्या मावशी वर आल्या. त्या दर रविवारी मासे घेऊन येतात. खाली एकही दार उघडत नाही म्हणून माणसं शोधत गच्चीपर्यंत पोचल्या होत्या.

"काय चाल्लंय? कोन मेला का काय?"

"मावशी, विमान चाललंय. बसा."

"बसतंय की. पन पाटी कुठं ठेवू?"

पहिल्या रांगेतल्या जैन काकूंनी नाकाला पदर लावला. बराच खल होऊन पाटी सामानाच्या कप्प्यात, म्हणजे जिन्यात, ठेवण्यात आली.

पहिली पाळी दादाची. तो डाव्या खुर्चीत बसला, मी उजव्या. त्याने एकेक तपासणी मोठ्याने म्हणायला सुरुवात केली आणि गच्ची चक्क शांत झाली. लहान मुलंसुद्धा गप्प. जरा कोणी कुजबुजलं तर शेजारचा दटावायचा, "शू, पायलट बोलतोय." दादाचा आवाज बदलला होता. हात न बघता बरोबर जागी जात होते. सेक्रेटरी काका भोंग्यातून म्हणाले, "रनवे क्लियर छे बेटा, आवजो!" आणि विमान उडालं. मागे वळून पाहिलं तर काही प्रवासी खरोखर खुर्चीत मागे रेलले होते.

वसईची खाडी ओलांडायच्या आत आजोबांनी चिठ्ठी काढली. "इंजिन बंद."

दादा घाबरला नाही. वेग सांभाळला, उतरायला जागा शोधली, इंजिन पुन्हा चालू करून पाहिलं, मेडे म्हणजे संकटाचा संदेश दिला, आणि शांतपणे म्हणाला, "उत्तनच्या किनाऱ्यावर उतरतोय."

"न्हाय!" मागून मावशी ओरडल्या. "तिथं बोंबील सुकत घातलंय."

"मावशी, इंजिन बंद आहे."

"बंद हाय तर हाय. माझं बोंबील कोन भरून देनार?"

 दादाने विमान डावीकडे वळवलं, बोंबील सुकवायच्या बांबूंना वळसा घातला, आणि ओल्या वाळूवर इतकं हळुवार उतरवलं की आजोबांनी मिटलेले डोळे उघडून म्हटलं, "टेकल्याचं कळलं नाही. असा ब्रेक आमच्या डेपोत एकालाही जमला नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, अगदी मनापासून. माझी मुलाखत त्या टाळ्यांत बुडत होती, तरी उड्डाण सुंदरच होतं.

मग माझी पाळी. आम्ही खुर्च्या बदलल्या. एव्हाना लोकांना भूक लागली होती, आणि माझ्या वेळी प्रवासी एकदम प्रवाशांसारखे वागू लागले. कोणाला ऊन लागत होतं. कोणी विचारलं, "किती वेळ लागेल, बेटा?" जैन काकू मायेने म्हणाल्या, "घाबरू नकोस हं, हळू चालव." मी घाबरले नव्हते. मी टेकऑफ व्यवस्थित घेतला, उंची गाठली, दिशा धरली. भोंग्यातून सेक्रेटरी काका म्हणाले, "शाब्बास बेटी! बहू सरस!" दादाला त्यांनी शाब्बास म्हटलं नव्हतं. त्याचं नुसतं ऐकलं होतं.

आणि खाडीच्या अलीकडे मामीची हाक आली.

"अगं, दूध उतू चाललंय! माझे हात पोह्यात आहेत!"

मी उठले.

विमान हवेत होतं, मी कॅप्टन होते, आणि मी कुकरचं झाकण खुर्चीवर ठेवून उठले. गॅस बंद केला. आता उठलेच आहे तर म्हणून चहा गाळला. ट्रे हातात आलाच होता, म्हणून पहिल्या रांगेपासून वाटत गेले. आजोबांना बिनसाखरेचा लागतो तो वेगळा दिला. सेक्रेटरी काकांसाठी टाकीच्या शिडीवर अर्ध्यापर्यंत चढून कप वर पोचवला, त्यांनी टॉवरमधून वाकून घेतला आणि विचारलं, "बिस्कुट नथी?" मी बिस्किटंही आणून दिली. गच्चीवर कोणालाही त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. मलाही नाही.

परत आले तेव्हा दादा उजव्या खुर्चीत बसल्या बसल्या माझं झाकण एका हाताने धरून होता. दुसरा हात लाटण्यावर. कपाळावर घाम.

"तू कुठे होतीस?" तो दबक्या आवाजात म्हणाला.

"चहा देत होते."

"इंजिन गेलंय. आजोबांनी चिठ्ठी काढली. मी दोनदा मेडे दिला. टॉवर बिस्किट खातोय."

मी घाईने बसले. उंची फारच कमी उरली होती. मी मुर्ध्याची जुनी मिठागरं निवडली, कारण ती सपाट आहेत, आणि आपटत आपटत उतरले. "चिखल हाय तिथं," मावशी म्हणाल्या, पण पोहे खाताना म्हणाल्या, म्हणून त्यात जोर नव्हता. आजोबांनी कप खाली ठेवला. "उतरताना दणका बसला," एवढंच त्यांनी नोंदवलं.

मतदान झालं. दादाच्या बाजूने जवळजवळ सगळे हात वर गेले. माझ्या बाजूने जैन काकू आणि मावशी; त्यातही मावशींना तर मतदानाचा हक्कच नव्हता. सेक्रेटरी काका टाकीवरून उतरले आणि ठराव सांगू लागले, "सर्वानुमते असं ठरलं की..."

"थांबा," दादा म्हणाला. "हिच्या वेळी विमानात पायलट नव्हता."

"कुठे गेला होता?" आजोबांनी विचारलं.

"तुमचा चहा गाळायला!"

सगळे आपापल्या कपाकडे बघू लागले.

"पण बेटा," सेक्रेटरी काका म्हणाले, "आम्ही कुठे तिला उठवली? ती आपणहून उठली."

हे खरं होतं. मला कोणीही उठवलं नव्हतं. हाक आली आणि मी उठले, एवढंच झालं. मी हे दादाला सांगणारच होते, पण मामी पदराला हात पुसत पुढे आली होती आणि तिच्या चेहऱ्यावर हिशोब न जुळल्यासारखा भाव होता.

"हाक मी मारली," ती म्हणाली. "पण मी हिलाच का मारली? हा हिच्या शेजारी रिकामाच बसला होता की."

"रिकामा नव्हतो, को-पायलट होतो," दादा म्हणाला.

"ती तर पायलट होती ना रे!"

"मग फेरमतदान घ्या," आजोबा म्हणाले. "फेरमतदान नाही, फेरउड्डाणच घ्या. चहा आधी आटपा. दोघांना कोरं विमान द्या."

यावर वाद रंगणार, एवढ्यात खालून वॉचमन ओरडला, "पानी आ गया!" आमच्या भागात पाणी ठरावीक वेळीच येतं आणि त्या वेळी माणूस कुठल्याही प्रवासात असला तरी उतरतो. क्षणात खुर्च्या रिकाम्या झाल्या. मावशी पाटी घेऊन त्यांच्या मागे गेल्या, कारण आता दारं उघडणार होती. सेक्रेटरी काका जिन्यातून ओरडून सांगत होते की कोरम नसल्यामुळे सभा तहकूब, अर्ध्या तासाने इथेच भरेल आणि तेव्हा कोरमची गरज राहणार नाही.

गच्चीवर आम्ही चौघंच उरलो.

मामा एकेक खुर्ची उचलून दुसरीत बसवत होते. ते म्हणाले, "अर्ध्या तासाने लोक आले तर आले. पण मला काही सुचत नाही. याचं उड्डाण सरस होतं, हे खरं. हिला उठावं लागलं, हेही खरं. दोन्ही एका तराजूत बसत नाही." मग माझ्याकडे वळले. "तू बोल. तुला काय वाटतं?"

तोंडात तयार होतं ते वाक्य, तुम्ही म्हणाल तसं. मी ते म्हणायला तोंड उघडलं, आणि दादा माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता त्याने ते अडलं. त्या नजरेत दया नव्हती. मी परत विमान सोडून उठते की काय, हे तो बघत होता.

"मला जायचंय," मी म्हणाले. "मामा, मला मुलाखतीला जायचंय. हे बरोबर आहे की नाही मला माहीत नाही. पण मला विमान चालवायचंय."

मामांनी हातातली खुर्ची खाली ठेवली. मी त्यांच्या घरात आल्यापासून काहीतरी मागण्याची ती पहिली वेळ होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की ते गोंधळले आहेत. न मागणाऱ्याला बरोबरीने वाटणं त्यांना येत होतं. मागणाऱ्याचं काय करायचं, याची त्यांना सवय नव्हती.

"मग जा की," ते शेवटी म्हणाले, जणू मी एवढे दिवस उगाच त्यांना सभा घ्यायला लावली होती.

"जा," दादाही म्हणाला. "पण मला बरं वाटलंय असं समजू नकोस."

"नाही समजत."

"माझी पण फी कोणीतरी भरायला हवी होती. मी काय कोणाला चहा करायला लावला नव्हता."

"हो."

"आज प्यायलो मात्र," तो म्हणाला, आणि पुठ्ठा घडी करायला लागला.

मी मुलाखतीला गेले. आत तिघे जण होते. मुलींसाठी वेगळी शिष्यवृत्ती असणं योग्य वाटतं का, असा प्रश्न त्यांनी विचारला. सगळ्यांना विचारत असावेत. मी म्हणाले, मला योग्य वाटतं, आणि माझ्या मामेभावावर त्यात अन्याय झाला असंही वाटतं, आणि या दोन गोष्टींपैकी एकही मला खोटी वाटत नाही. मग धीर करून विचारलं, त्याच्यासारख्या मुलांसाठी तुमच्याकडे काही आहे का? मधल्या बाईंनी कागद चाळल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "तो विषय आमच्याकडे येत नाही." मला सोसायटीची सभा आठवली. प्रत्येक जागी कोणाचा तरी विषय आयत्या वेळेला ढकललेला असतो.

शिष्यवृत्ती मला मिळाली. मी आता दुसऱ्या राज्यातल्या फ्लाइंग स्कूलमध्ये आहे. इथे विमान पुठ्ठ्याचं नाही. दादाने विमानतळावर सामानाच्या वजनाचा तोल बघणाऱ्या एका कंपनीत नोकरी धरली. कोणत्या विमानात किती ओझं कुठे ठेवायचं हे तो ठरवतो, आणि जोडीला दोन-तीन ठिकाणी कर्जासाठी खेटे घालतो. ज्या जाहिरातींत महिलांना प्राधान्य असं लिहिलेलं असतं, त्या तो मला अजूनही पाठवतो, सोबत एक अक्षरही न लिहिता. मी इथे आल्यापासून त्याने फोन मात्र केला नव्हता. मामी रोज बोलायची, मामा रविवारी. दादा त्यांच्या मागे कुठेतरी असायचा, त्याचा खोकला ऐकू यायचा.

मागच्या महिन्यात मी पहिल्यांदा एकटीने विमान उडवलं. शेजारची खुर्ची रिकामी होती. एक चक्कर मारून खाली आले आणि घरी कळवलं. मामी रडली, मामांनी वडिलांना फोन लावला, सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरी काकांनी फुलांची चित्रं टाकली.

संध्याकाळी दादाचा फोन आला. त्याने अभिनंदन केलं नाही.

"वारा कुठून होता?" त्याने विचारलं.

"डावीकडून. थोडाच होता."

"मग उतरताना डावा पंख खाली ठेवलास?"

"हो."

"जरा जास्तच ठेवला असशील."

"थोडासा."

"मला वाटलंच," तो म्हणाला.  पलीकडून विमानाचा आवाज येत होता, तो ड्यूटीवर असावा. मग त्याने विचारलं, "बरं, धावपट्टी सोडून वर जाताना नेमकं कसं वाटतं? सुरुवातीपासून सांग. घाई करू नकोस."

मी खुर्ची ओढून घेतली आणि इंजिन सुरू करण्यापासून सांगायला लागले.